चैतालीच्या नावाने गेलेली पत्रं

७ नोव्हेंबर २००५, सोमवार

कॉम्प्युटर आला एकदाचा! माझ्या ऑफिसातलं शिवणयंत्र कोपऱ्यात सरकवून तिथे बसवला. आनंदने स्वतः वायरी जोडल्या. आनंद म्हणजे आमच्या ट्रस्टचा नवा सेक्रेटरी. खराडीला सॉफ्टवेअरमध्ये असतो. संडे स्कूलला माझ्याच हाताखाली होता, तेव्हा नाक पुसायचं कळत नव्हतं. आज मला म्हणतो, "बाई, पत्रांचा त्रास संपला तुमचा. आता मुली आपापल्या स्पॉन्सरला डायरेक्ट मेल करतील. या नाताळपासूनच."

मी म्हटलं, वा.

मिशनच्या या बोर्डिंगात एकतीस मुली, मी मेट्रन. प्रत्येकीचा खर्च उचलणारा परदेशात एक स्पॉन्सर. त्याला वर्षातून दोन पत्रं, नाताळला आणि ईस्टरला. मुली मराठीत लिहायच्या, मी त्याचं इंग्रजी करायचे. तेवीस वर्षं! हात मोकळा झाला म्हणून बरं वाटायला हवं. पत्रांच्या कार्बन कॉप्यांची फाइल कपाटात आणखी मागे सरकवली.

८ नोव्हेंबर

गुडघा. जिना दोनदाच चढले.

१० नोव्हेंबर, गुरुवार

इथे तरी खरं लिहावं. मी भाषांतर करत नव्हते. मी पत्रं रचत होते.

चैताली सात वर्षांची असताना तिने लिहिलं होतं — "आम्ही कात्रजला साप बघितले. एक साप झोपला होता." मी इंग्रजीत लिहिलं, देवाने निर्माण केलेले प्राणी पाहून माझं अंतःकरण स्तुतीने भरून आलं. सात वर्षांची पोर! आणि शेवटी ठरलेली ओळ — "मी रोज तुमच्यासाठी नावानिशी प्रार्थना करते." एकतीस पत्रांना तीच ओळ.

सुरुवातीला नव्हते करत. पहिल्या वर्षी मुली बोलतील तसंच लिहून पाठवलं. तर एका स्पॉन्सरने कळवलं, मुलीच्या आत्मिक प्रगतीविषयी काहीच समजत नाही, सबब आम्ही थांबतो. यमुना त्या मुलीचं नाव. घरी गेली. चौदाव्या वर्षी लग्न लावून दिलं. त्यानंतर एकाही मुलीची आत्मिक प्रगती मी थांबू दिली नाही.

चैताली तर बौद्ध घरातली. आई चंपा बिबवेवाडीत धुणीभांडी करते, मूळची वर्ध्याकडची. मुलगी नाताळची गाणी आमच्यापेक्षा बरी म्हणते, सुट्टीत घरी गेली की वंदना म्हणते. मी कधी अडवलं नाही. फक्त २००१च्या ईस्टरला तिचा बाप्तिस्मा करून टाकला. पत्रात.

तिची स्पॉन्सर कॅनडातल्या कुठल्याशा गावची, विल्मा पीटरसन. उत्तरं चार ओळींची. त्यांत बर्फ असतो, मांजर असते, देव कधी नसतो. मला बरंच वाटायचं, बाई फार खोलात शिरत नाही म्हणून.

१४ नोव्हेंबर, सोमवार

बालदिन. मुलींना जिलबी. आनंदने आणखी एक काम गळ्यात मारलं — बोर्डिंगच्या सव्वाशे वर्षांची स्मरणिका निघतेय, त्यात दोन पानं माझी. विषय : "मिशन इथे का आलं आणि त्याचा हेतू काय." म्हणे, "बाई, तुमच्याशिवाय कोणाला माहीत?" मला माहीत आहे असं याला कोणी सांगितलं?

कपाटातून जुने छापील रिपोर्ट काढले. कसरीने निम्मे खाल्लेत. १९००चा सापडला. दुष्काळाचं साल. तेव्हाच्या मिशनरी मिस साहेबांनी मायदेशी लिहिलंय — "नवी आलेली मुक्ता, वय सहा, गोड मुलगी, तारणाऱ्यावर आधीच जीव लावून बसली आहे."

मुक्ता म्हणजे माझी आजी! मुक्ताई. ती सांगायची ते असं — दोन वर्षं खाटेखाली लपून राहायची, आणि पहिल्याच आठवड्यात मिस साहेबांच्या हाताला कडकडून चावली होती. तो वण त्या मरेपर्यंत लोकांना हसून दाखवायच्या.

म्हणजे ही विद्या माझी नव्हे. परंपरेने आलेली आहे.

दोन पानं कोरीच.

१९ नोव्हेंबर, शनिवार

चैतालीने फाइल काढली. "मागे काय काय लिहिलंय बघते, रिपीट नको व्हायला" म्हणाली. मी भाजी निवडत होते. हो-नाही म्हणेपर्यंत कार्बन कॉप्या तिच्या हातात. मराठीतून काहीबाही लिहिणारी ती पोर आता बारावीला आहे, इंग्रजीत वर्गात पहिली — हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं.

उभ्या उभ्या अकरा वर्षं वाचून काढली.

"बाई, माझा बाप्तिस्मा झाला आणि मला कोणी बोलावलंच नाही?"

मी म्हटलं, चैताली, बस.

बसली नाही. "आमचे आजोबा छप्पन साली वर्ध्याहून नागपूरला चालत गेले होते, दीक्षा घ्यायला. स्वतःच्या पायांनी. घरात आम्ही अजून सांगतो ते. आणि माझा धर्म तुम्ही इथे टेबलाशी बसून परस्पर बदललात?"

ओरडली असती तर बरं झालं असतं. फाइलची नाडी नीट बांधली, जागेवर ठेवली आणि गेली.

मला रागच आला आधी. हिच्यासाठीच केलं ना सगळं! मग राग गेला. लाज तेवढी राहिली.

२० नोव्हेंबर

उपासनेला गेले. पाळकसाहेब काय बोलले आठवत नाही.

२३ नोव्हेंबर, बुधवार

चंपा आली. वाटलं, मुलीला घेऊन जाणार. चहासुद्धा उभ्यानेच घेतला.

"पोरीनं सांगतलं मले," म्हणाली. "बाई, खोटं तं मीबी लिहिलं होतं तुमच्या फारमावर. तिचा बाप मेला म्हणून. मेला नाई, पळून गेला." मग — "पण बुढ्याच्या नातीचा धरम नव्हता लिहायले पाहिजे तुमी. तेवढं एक नव्हतं पाहिजे."

मी माफी मागितली. तेवीस वर्षांत इथल्या कुठल्या आईची मागितली नव्हती. चंपाने कप विसळून ठेवला. जाताना म्हणाली, "तिचं तिले लिहू द्या आता."

२८ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी लाइट नव्हते. चारला आले, सव्वाचारला चैताली कॉम्प्युटरपुढे. मला बोलावून घेतलं. "तुम्हाला ऐकवल्याशिवाय पाठवणार नाही. तुम्ही मला ऐकवलं नव्हतं, तरी."

वाचत गेली. मी बौद्ध आहे. माझा बाप्तिस्मा कधीच झाला नाही. आजवरची पत्रं आमच्या मेट्रनने लिहिली, मी इथे राहावं म्हणून. मला ताप आला की त्या रात्ररात्र उशाशी बसायच्या, पण पत्रं खोटी होती. तुमच्यामुळे मी शिकले. तुम्ही मदत थांबवली तरी मी तुमची आभारी राहीन.

एक शब्दही कमी-जास्त नव्हता. मला म्हणाली, "पाठवू?"

परीक्षा तीन महिन्यांवर. ही मदत बंद पडली तर पोरगी बिबवेवाडीला, त्या दहा बाय दहात. आणि एकीचं उघडं पडलं की तिसांचं पडेल. ओठांवर "थांब" आलं होतं, ते गिळलं. तिने बटण दाबलं.

संध्याकाळी आनंदला सगळं सांगितलं आणि राजीनामा दिला. त्याचा चेहरा पडला. "बाई, तुम्ही?" एवढंच. मग कागद खणात टाकला. "जानेवारीच्या मीटिंगला ठेवतो. तोवर थांबा. नाताळच्या केकचे एकतीस सारखे तुकडे दुसऱ्या कोणाला जमत नाहीत."

२ डिसेंबर

उत्तर नाही.

५ डिसेंबर

नाही. चैताली रोज दोनदा मेल उघडते. मी तिथे काही शोधायला आल्यासारखं करते.

९ डिसेंबर, शुक्रवार

दोन पानांतलं अर्धं पान झालं. मिस साहेब आत्मे मिळवायला आल्या, हे खरंच. लपवायचं कशाला? दुष्काळात उपाशी पोरं उचलली, त्यांना भाकर दिली आणि भाकरीबरोबर येशू दिला. लोक यावर आम्हाला टोमणे मारतात, मीही मारते — फक्त घरात.

पण आजीचं काय? मिस साहेबांनी रिपोर्टात तिला सहाव्या वर्षीच मोक्ष देऊन टाकला. तिने बाप्तिस्मा घेतला एकोणिसाव्या वर्षी, मिस साहेब प्लेगमध्ये गेल्यावर. तेव्हा गोड बोलायला कोणी उरलं नव्हतं. का घेतलास, मी विचारायचे. म्हणायची, "मी चावले, तरी दुसऱ्या दिवशी भाकर घेऊन तीच आली. हात पट्टीत बांधलेला होता."

एवढं लिहिलं. हेतू काय ते अजून लिहिता येत नाही. दमले. आजीला चावायची सोय तरी होती. मी माझ्या मुलींना पत्रात नुसतं गोड करून ठेवलं.

१७ डिसेंबर, शनिवार

आलं! चैताली जिना उतरत धावत आली, मला वर ऑफिसात घेऊन गेली. मी तिच्या खुर्चीमागे उभी राहिले. ती वाचत मराठीत सांगत गेली, जसं आठवतं तसं लिहिते.

मदत थांबणार नाही, हे पहिल्याच ओळीत. पुढे — माझा मुलगा एकोणीस वर्षांचा असताना गाडीच्या अपघातात गेला. त्यानंतर मी चर्चला जाणं सोडलं. देवाशी बोलणं सोडलं. तुला घेतलं ते धर्मासाठी नव्हे, घरात कोणाचं तरी पत्र यावं म्हणून. पण दर पत्रात तू लिहायचीस की माझ्यासाठी नावानिशी प्रार्थना करतेस. आधी चीड यायची. मग वाट बघू लागले. पाचव्या वर्षी एका रविवारी गेले, शेवटच्या बाकावर बसले. तेव्हापासून जाते. तुझ्यामुळे, असं सगळ्यांना सांगत आले, फक्त तुला कधी लिहिलं नाही.

आणि शेवटी — "आता तू म्हणतेस की ते तू लिहिलंच नाहीस. मला राग नाही. त्या बाईंना एकच गोष्ट विचार. त्या लिहीत होत्या, तेव्हा खरंच प्रार्थना करत होत्या का?"

चैतालीने कीबोर्ड पुढे ओढला. "काय लिहू?"

हो म्हणणं किती सोपं होतं! तेवीस वर्षांचा सराव. विल्माबाईंनाही तेच हवं असणार.

मी म्हटलं, लिही — नाही. एकदाही नाही.

चैतालीने लिहिलं. मग उठून मला पाणी आणून दिलं. महिनाभराची अढी सुटली असावी. मी खुर्चीत बसून रडले, मुलींदेखत.

१८ डिसेंबर, रविवार

उपासनेला गेले नाही. गुडघा म्हणून सांगितलं. गुडघा ठीक आहे.

२४ डिसेंबर, शनिवार

केकचे एकतीस तुकडे झाले. कापत असतानाच चैताली आली. विल्मा पीटरसनची एकच ओळ —

"मग आजपासून मी त्यांच्यासाठी करीन. त्यांचं नाव काय?"

त्या सगळ्या पत्रांत माझं नाव कुठेच नाही. चैताली दारातच थांबली. "बाई, कळवू?"

कळव म्हटलं. सत्यशीला.