झाकली मूठ, चार सिलिंडर

१४ जानेवारी, रविवार

ठरलं. नवी गाडी घ्यायची. आणि अशी घ्यायची की सासऱ्यांच्या तोंडून 'बरं केलंस' एवढे दोन शब्द निघालेच पाहिजेत. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, अजून निघालेले नाहीत. घर बांधलं तेव्हा म्हणाले, जिना अरुंद आहे. विमा कंपनीत विभागप्रमुख झालो तेव्हा म्हणाले, म्हणजे आता दुसऱ्यांचेही कागद हलवणार.

सासरे ओटमार, वय ७६. अडतीस वर्षं इथल्याच मोटारींच्या फॅक्टरीत इंजिनं जोडली. त्यांच्या बैठकीच्या खोलीत सासूबाईंचा फोटो लहान आणि सहा सिलिंडरच्या इंजिनाचा मोठा. त्यावरून काय समजायचं ते मी समजलो. सहा सिलिंडर. दुसरा विचार नाही.

३ फेब्रुवारी, शनिवार

हल्ली कंपनीच्या साइटवर आपली गाडी आपणच सजवायची. सकाळी नऊला बसलो. बायकोने, रोसविथाने, जेवायला हाक मारली तेव्हा अजून चाकांवरच होतो. एकोणीस इंची चाकं गाडीला शोभतात, वीस इंची मला शोभतात. रंग 'वादळी करडा'. रोसविथा म्हणाली, अहो, आत्ताच्या गाडीचाही करडा हाच आहे. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं.

१० फेब्रुवारी, शनिवार

गाडीच्या नाकावरची जाळी काळी. मोठी आहे, पण शेजारी त्याहून मोठी उभी राहिली की मोठीसुद्धा लहान दिसते. ब्रेक लाल. एक्झॉस्टची चार तोंडं. स्क्रीनवर गाडी गोल गोल फिरवून पाहिली. उभी असूनही पळतेय असं वाटतं. ठराव: आता काहीही वाढवायचं नाही.

त्याच दिवशी, दुपारी ४

छताला आतून काळं अस्तर वाढवलं. ते नसतं तर लाल ब्रेक एकटे पडले असते.

१७ फेब्रुवारी, शनिवार

शोरूममध्ये गेलो. फ्राऊ श्वेंक म्हणून विक्रेत्या आहेत, स्पष्ट बोलणाऱ्या बाई. म्हणाल्या, साहेब, चाकं, जाळी, अस्तर आणि ती चार तोंडं यांतच तुमचं बजेट संपलं. आता एक तर हे सगळं काढा आणि सहा सिलिंडर घ्या, नाही तर हे ठेवा आणि चार घ्या.

मी विचाराला एक मिनिट मागितलं. पूर्ण वापरलं नाही.

चार. कारण इंजिन झाकणाखाली असतं. झाकण उघडून गाडी कोण चालवतं?

शिवाय अर्जात एक चौकोन होता, फुकटचा: 'मागचे आकडे नकोत.' इंजिन छोटं की मोठं हे गाडीच्या मागच्या त्या आकड्यांवरूनच कळतं. आमच्या गावात ज्यांची इंजिनं मोठी ते लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून आकडे काढायला लावतात. म्हणजे ज्याच्या गाडीवर आकडे नाहीत तो श्रीमंत आणि वर नम्र. झाकली मूठ सव्वा लाखाची. चौकोनात खूण केली. मी खोटं काहीच बोलत नाहीये. फक्त लिहीत नाहीये.

२५ मे, शनिवार

गाडी आली! अंगणात उभी केली आणि तीनदा काहीतरी विसरल्याचं निमित्त करून बाहेर गेलो.

समोरचा नेगेले झाडू घेऊन आला. तोही फॅक्टरीतून रिटायर झालेला, आणि शनिवारी गल्ली झाडायची पाळी कोणाचीही असो, हा हजर. गाडीभोवती एक फेरी मारली. मागे वाकला आणि एक्झॉस्टच्या तोंडात बोट घातलं. बोट एका पेरावर अडलं. म्हणाला, काय रे फोल्कमार, बडा घर पोकळ वासा ऐकलं होतं, हा तर पोकळसुद्धा नाही! मी म्हणालो, याला डिझाइन म्हणतात, खरा पाइप खाली लपवलेला असतो. तो म्हणाला, असं होय, लपवायला बरंच दिसतंय तुझ्याकडे.

म्हणजे आकडे नाहीत हे त्याच्या लक्षात आलं. उत्तम.

संध्याकाळी स्पोर्टचं बटण सापडलं. दाबलं की स्पीकरमधून मोठ्या इंजिनाचा आवाज येतो. काचा लावल्या तर सहाच काय, आठही वाटतात.

२ जून, रविवार

सासऱ्यांना चर्चमधून आणायचं आणि जेवायला घरी न्यायचं, हा दर रविवारचा नेम. आज नव्या गाडीतून. फॅक्टरीच्या आवाजाने त्यांचे कान गेलेत, आणि प्रवचनात नवीन काही नसतं म्हणून कानाचं मशीन रविवारी घरीच ठेवतात. गाडीला आकडे नाहीत, सासऱ्यांना कान नाहीत. मी निर्धास्त.

बसले. डॅशबोर्डवर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. पुलापर्यंत हात तसाच. मग म्हणाले, जावईबापू, किती सिलिंडर?

मी म्हणालो, सहा. ऐकू गेलं नाही. दोन्ही हात सोडून सहा बोटं दाखवली. गाडीने पीं पीं करून आरडाओरडा केला. सासरे म्हणाले, हं.

त्या 'हं'मध्ये खूप काही होतं.

९ जून, रविवार

पुन्हा तळहात, पुन्हा तोच प्रश्न: किती सिलिंडर म्हणालास? मी सहा बोटं दाखवली. ऐकायला आवडतं त्यांना. साहजिक आहे, आयुष्य गेलं त्यात.

१२ जून, बुधवार

बेकरीपाशी उजवं चाक फुटपाथला घासलं. वीतभर ओरखडा. कोणी पाहिलं नाही. (नेगेलेने पाहिलं.) कंबर धरली आहे. रोसविथा म्हणते, टायर भाकरीएवढे पातळ घेतल्यावर दुसरं काय होणार. ऑफिसची खुर्ची बदलून मागणार आहे.

१६ जून, रविवार

तिसऱ्यांदा! या वेळी माझ्याकडे वळून, हळू विचारलं. नीट आठवून सांग फोल्कमार, किती आहेत? मी सहा बोटं दाखवली, त्यातलं एक जरा उशिरा वर गेलं.

रोसविथाला म्हणालो, मला काळजी वाटते, तुझे बाबा विसरायला लागलेत. चांगल्या डॉक्टरला दाखवू. ती हातातला चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, बाबांना सगळं आठवतं. मग चमचा उचलून पुन्हा ढवळायला लागली. तिलाही काळजी वाटत असणार.

१९ जून, बुधवार

ठराव: योग्य वेळ आली की सासऱ्यांना खरं सांगून टाकायचं. योग्य वेळ: गाडी विकल्यानंतर.

२३ जून, रविवार

आज त्यांनी विचारलंच नाही. हात मांडीवर. मला करमेना. शेवटी मीच ओरडून म्हणालो, सहाची मजाच वेगळी, नाही का?

त्यांनी बेकरीपाशी गाडी थांबवायला सांगितली. वाटलं, ब्रेट्झेलचा खारा पाव हवा असेल. उतरले नाहीत. म्हणाले, फोल्कमार, या इंजिनाच्या आजोबाला मी माझ्या हातांनी जोडलंय. चार आहेत. पहिल्या दिवशीच हाताला कळलं होतं. तीनदा विचारलं रे तुला.

मी म्हणालो, फ्राऊ श्वेंकनी मला सहा सांगितले होते.

हे माझ्या तोंडून निघून गेलं. सुदैवाने त्यांना ऐकू आलं नाही. ते उतरले, दोन ब्रेट्झेल घेतले, आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. घरापर्यंत मी आरशात बघायचं टाळलं, त्यामुळे दुसरं चाकही घासलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

रोसविथाने सांगितलं. दोन जूनला, पहिल्या फेरीच्याच दिवशी, जेवून आपल्या घरी परतल्यावर बाबांचा तिला फोन आला होता. म्हणाले होते, पोरी, तुझ्या नवऱ्याने पहिल्यांदाच शहाणपणा केला. अख्खं गाव दिखाव्यासाठी मोठं इंजिन घेतं, याने पुरेल तेवढंच घेतलं. चाकं मूर्खाची आहेत, पण इंजिन शहाण्याचं. बरं केलं त्याने. आज सहा बोटं दाखवली त्याने, पण तू बोलू नकोस, त्याच्या तोंडून एकदा चार ऐकतो आणि मग मीच सांगतो त्याला.

मी विचारलं, मग तो भिंतीवरचा सहाचा फोटो? ती म्हणाली, तिथे भिंतीला ओल आहे.

सव्वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते तीन रविवार माझ्या शेजारच्या सीटवर बसून होतं, आणि मी त्याला बोटं दाखवत होतो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. याला काही कारण जोडता येईल का पाहिलं, सापडलं नाही.

२९ जून, शनिवार

उद्या सांगणार. बाथरूमच्या आरशासमोर तयारी केली. एकूण अकरा वाक्यं. पर्यावरण दुसऱ्या वाक्यात, डिझाइनचा इतिहास सहाव्यात, माफी शेवटी, वेळ उरला तर. नंतर दहा वाक्यं खोडली.

३० जून, रविवार

चर्चपाशी गेलो तर सासरे नव्हते. बसने निघून गेले, असं कोणीतरी सांगितलं. मी बसच्या मागे मागे आमच्या घरापर्यंत आलो. वीस इंची चाकं, काळी जाळी, आणि पुढे बस.

ते फाटकाशी पोचले होते. मी धावत गेलो आणि म्हणालो, चार.

म्हणाले, काय?

मी म्हणालो, चार आहेत. म्हणाले, मोठ्याने बोल, मशीन घरी आहे. मी चार बोटं वर केली आणि जीव खाऊन ओरडलो, चार! चार सिलिंडर!

समोर नेगेले खिडकीतल्या फुलांना पाणी घालत होता. म्हणाला, अरे हळू! गल्लीला महिन्यापासून ठाऊक आहे. रोज सकाळी गाडी सुरू करतोस ना तू, कान आहेत आम्हाला!

सासऱ्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. एक एक मोजल्यासारखं पाहिलं. हं, म्हणाले, आणि फाटक उघडून आत गेले. आतून रोसविथाचा आवाज आला, बाबा, सूप गार होतंय. नेगेलेने खिडकी लावून घेतली. माझी चार बोटं अजून वरच होती.