अण्णांचं गवतमशीन

१० ऑगस्ट २००३, रविवार. नांदेड

आणलं! कंबर गेली, पण आणलं.

लातूरच्या शाळेने सामानाची खोली रिकामी केली. भंगारवाल्याच्या ढिगात मोडक्या बाकांखाली गवताचं मशीन — पेट्रोलवरचं, इंग्रजाच्या वेळचं. सिकंदराबादच्या कुठल्याशा रेल्वे साहेबाच्या बंगल्यातून लिलावात शाळेकडे आलेलं. अख्ख्या लातुरात दुसरं नव्हतं, कारण अख्ख्या लातुरात हिरवळच नव्हती. प्यायला टँकर, आणि शाळेत गवत कापायचं विलायती मशीन! पण अण्णा तिथे मुख्याध्यापक होते आणि पावसाळ्यात मैदानावर गवत वाढू द्यायचं नाही हा त्यांचा हट्ट. शनिवारची सकाळची शाळा सुटली की बाह्या दुमडून स्वतः चालवायचे. मला दांडा धरू द्यायचे — माझ्या हातांवर त्यांचे हात. अण्णांनी मायेने हात लावल्याची माझ्याकडे एवढीच नोंद आहे. बाकी नोंदी छडीच्या.

यंदा चैत्रात गेले. घड्याळ आलोकने घेतलं, पुस्तकं शाळेने. मला हे!

एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टर म्हणाला, "सर, बाळंतीण हाय का काय? लई जपून राहिले."

लता दारातच. "अहो, आपल्याकडे गवत कुठंय?"

कुंडीत तुळस आहे.

१२ ऑगस्ट

दोरी ओढली. हलत नाही. इंजिन जाम.

हलणार कसं? दहा वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या बंधूंनी, आलोकरावांनी, मित्रांसमोर मर्दुमकी दाखवायला ते तेल न घालता पळवलं. जुन्या स्कूटरसारखंच आहे — पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं, नाही मिसळलं की पिस्टन आतल्या आत चिकटतो. शेंबड्या पोरालाही कळतं. हा अठरा वर्षांचा घोडा! आणि कधी? भूकंपाच्या आठवड्यात! तिकडे माणसं ढिगाऱ्याखाली, इकडे हा मैदानात शर्यत लावतोय. ऐकीव नाही — शाळेच्या समितीपुढे स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय त्याने.

मी तेव्हा पेपरच्या दसऱ्याच्या पुरवणीत लिहिलं होतं. "यंत्रमारे". नाव घातलं नव्हतं. लातुरात नाव घालायची गरज नसते. गाव पोट धरून हसलं. कॉलेजात पोरं त्याला यंत्रमारे म्हणूनच हाक मारायची. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. अण्णांच्या दहाव्यालाही बोलला नाही.

नको बोलू. माझं काय अडलंय?

१७ ऑगस्ट, रविवार

देगलूर नाक्यावरच्या जिलानी मिस्त्रीकडे नेलं. जनरेटर, पाण्याच्या मोटारी, सगळं करतो. मशीनभोवती दोन चकरा मारल्या, मग खाली बसून आधी पाती पुसली. इंजिनाला हातच नाही!

"पहले तोंड धुवायचं साहेब, मग नब्ज बघायची."

झाकण काढलं. आत पाहून चुकचुकला.

"कुणी मारलं हे?"

"भावाने."

"सगा?"

"सगा."

"खेळात?"

"खेळात."

त्याने मान हलवली. "न्हाई साहेब. खेळणारा दोन फेऱ्या मारतो, वास आला की घाबरून सोडतो. हे लई घंटे चालवलेलं हाय. जळून राहिलं तरी चालवलंय."

म्हटलं, मिस्त्री, तुम्ही माझ्या भावाला ओळखत नाही. सुरू केलेलं सोडायचं नाही, दुसऱ्याचं वाटोळं होईपर्यंत! आता त्याच गुणावर क्लास चालवतो.

जिलानीने पिस्टनवर रॉकेल ओतलं आणि म्हणाला, "भिजू द्या. आठ दिवस. जबरदस्ती नको, लोखंडालाही इज्जत असते."

२४ ऑगस्ट

लता आणि मुग्धाने माझ्यावर संगनमत करून हल्ला केला. मुग्धा दहावीला. पुढच्या वर्षी लातूर हवंय. लातूर म्हणजे आलोककाकाचा क्लास!

भूकंपातून जे लातूर राहिलं ते क्लासेसनी व्यापलं. प्रत्येक खांबावर गुणवंतांचे चेहरे — पासपोर्ट फोटो मोठा केला की पोरगं गुणवंत कमी, हरवलेलं जास्त वाटतं. घराघरात खाटा टाकून मुलं ठेवलीत. आमचे बंधू या सगळ्यांचे महंत. सकाळी पाचला पहिली बॅच! कोंबड्यांनीही आवाज द्यायचं सोडलंय म्हणतात.

"दर सोमवारच्या सदरात त्याच्यावर लिहिता," लता म्हणाली, "दुसरा विषय नाही का जगात?"

"दुसरा भाऊ नाही."

"मग असा जपतात का एकुलता?"

जेवलो नाही. नंतर उठून दहीभात खाल्ला, ते कुणाला सांगायचं नाही.

३१ ऑगस्ट

पिस्टन सुटला! निघाला तो खरवडलेला, जागोजागी वितळून ओघळलेला. जिलानीने तळहातावर ठेवून दाखवला, जसा डॉक्टर खडा दाखवतो.

बघवला नाही. आलोक, आलोक, तुला एक घाव कमी लिहिला मी त्या वेळी!

७ सप्टेंबर

या मशीनचा पिस्टन आता पृथ्वीवर मिळत नाही. जिलानीने लॅम्ब्रेटा स्कूटरचा जुना पिस्टन शोधलाय. लेथवर सिलिंडर वाढवून तो बसवायचा. इंग्रजी देहात इटालियन काळीज, बसवणारा देगलूर नाक्याचा. अण्णांना आवडलं असतं. हसले नसते, पण आवडलं असतं.

१५ सप्टेंबर

हरामखोरी!

लातूरहून बातमी — शाळेचं मैदान आलोकने क्लासच्या पोरांच्या सायकलींसाठी भाड्याने घेतलं. संपूर्ण मैदानावर फरशी. अण्णांचं मैदान! ज्या मशीनला त्याने मारलं, त्याला आता कापायला गवतही ठेवायचं नाही! आधी यंत्र, मग गवत. उद्या झेंड्याचा खांबही काढेल आणि त्यावर गुणवंत लटकवेल.

ठरलं. खंडेनवमीला मशीन लातुरात पाहिजे. त्या दिवशी अण्णा त्याला झेंडूची माळ घालायचे, हळदकुंकू लावायचे, मग एक फेरी. यंदा खंडेनवमी शनिवारीच येतेय. फरशीच्या दगडावर चालवीन, ठिणग्या उडाल्या तरी चालवीन. सगळ्या बॅचेस बाहेर येऊन बघतील.

१६ सप्टेंबर

जिलानी म्हणतो घाई नको. मी त्याच्यावर ओरडलो. तो चहा मागवून बसला. मग मीही बसलो.

३० सप्टेंबर

भूकंपाला दहा वर्षं झाली. पेपरात तेच फोटो.

लातूर शहर तसं वाचलं होतं, पण जखमी सगळे तिथेच आणत होते. अण्णा आणि आलोक तिथे. मी नांदेडात. मी गेलो तिसऱ्या दिवशी, इस्त्रीचा शर्ट घालून. शाळेच्या मैदानावर तंबू होते, अण्णा कुणाला तरी पाणी पाजत होते. मी विचारलं, मशीन असं उघड्यावर का पडलंय? आलोक म्हणाला, "मी मोडलं." एवढंच. डोळे लाल. मला वाटलं, जागून खेळलाय.

आज "फरशी" नावाचा लेख लिहून काढला. दसऱ्याच्या पुरवणीसाठी. एवढं धारदार बऱ्याच वर्षांत जमलं नव्हतं. शेवटी लिहिलं — काही माणसं जन्मभर एकाच कामात पहिली येतात: बापाच्या हातचं पुसण्यात. संपादक शेषेरावांनी फोनवर वाचून घेतलं आणि म्हणाले, "सर, रक्त काढलंत!"

लताने वाचलं. कागद परत दिला आणि चरचर भाजी चिरायला घेतली. तो आवाज मला अजिबात आवडत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

चाललं!!

सहाव्या ओढीला. आधी खोकला, मग निळा धूर, मग तो आवाज — फटफट नाही, एक घोगरी गुरगुर. शनिवारचा वास. जिलानीच्या दुकानासमोर मी, माझ्या वयाचा माणूस, दांडा धरून रडतोय आणि रिक्षावाले थांबून बघताहेत.

"तेल मी मिसळलंय," जिलानी म्हणाला. "उद्या मी बी येणार लातूरला. पोरगी सासरी पाठवताना बाप सोबत जातोच."

४ ऑक्टोबर, शनिवार. खंडेनवमी. लातूर

शाळेच्या पायरीवर बसून लिहितोय. मांडीवर वही, अक्षर लागणार नाही. लागू नये.

सकाळी टेम्पोतून मशीन उतरवलं. माळ, हळदकुंकू, नारळ. सायकलींचा समुद्र. फरशी आहे, सगळीकडे आहे. फक्त झेंड्याच्या खांबापासून पिंपळापर्यंत एक लांब पट्टी मोकळी. फरशी तिथे येऊन थांबलीय, कडेला विटा लावल्यात. पट्टीवर गुडघाभर गवत.

मी म्हटलं, काम अर्धवट टाकून पळाला का फरशीवाला?

मागून केवळाबाई. अण्णांच्या वेळची शाळेची शिपाईण, आता पाठीत वाकलेली. "पळतोय कशाला? आलोकसायबानं सोडायला लावली तेवढी. फरशीवाला भांडला, पर न्हाई म्हंजी न्हाई. तुमी मशीन आणायले ते कळलं व्हतं त्यास्नी."

"त्याला काय करायचंय मशीनचं? त्यानेच मारलं ना!"

तिने मग पदराने तोंड पुसलं.

"सरांनी शपथ घातली व्हती मला, ते हायेत तवर. आता ते न्हाईत."

आणि सांगितलं. माझ्या तोंडावर, जिलानीसमोर.

भूकंपाच्या दिवशी दुपारी दवाखान्यात जागा उरली नाही. तंबू शाळेच्या मैदानावर ठोकायचे ठरले. गणपतीच्या सुट्टीत कापायचं राहिलेलं गवत गुडघ्याच्या वर, त्यात जनावरं — सकाळीच एक नाग मारलेला. माणसं खाली निजवायची कशी? अण्णांनी मशीन काढलं. पेट्रोल होतं, तेल नव्हतं. दुकानं बंद, दुकानदार भिंतींच्या भीतीने रस्त्यावर. आलोक म्हणाला, "अण्णा, तेल नाही, मशीन मरेल."

"सर म्हनले — मरू दे. मानसं निजवायचीत."

दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. आळीपाळीने, बाप आणि लेक. धूर निघत होता तरी. शेवटची पट्टी कापली — हीच, खांबापासून पिंपळापर्यंत — आणि मशीन थांबलं ते थांबलंच. त्या पट्टीवर पहिला तंबू लागला.

मग समिती. शाळेची मालमत्ता जाणूनबुजून मोडली म्हणून. अध्यक्षाला मुख्याध्यापकाच्या जागी स्वतःचा भाचा बसवायचा होता, आणि अण्णांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. अण्णा खरं लिहायला बसले होते. त्याआधीच आलोक आत गेला आणि म्हणाला, मी खेळात मोडलं. पोराला समितीने दम देऊन सोडलं. अण्णा वाचले.

"सर जेवले न्हाईत त्या दिशी," केवळाबाई म्हणाली. "पर बोलले बी न्हाईत."

बोलले बी न्हाईत! आठवडाभरात माझा लेख आला. अण्णांनी तो वाचला असणार, माझा एकही लेख ते सोडत नसत. गाव हसत होतं, पोरगं मान खाली घालून कॉलेजात जात होतं, आणि अण्णा गप्प! दहा वर्षं! मी दर दिवाळीला समोर बसून यंत्रमारे, यंत्रमारे करत होतो आणि ते ताटातली चटणी सारखी करत होते. तुमच्या हातांची ऊब आठवत मी हे लोखंड दोन महिने उराशी धरलं, अण्णा! तुम्ही एक वाक्य बोलला असतात!

आणि मी? मी एक प्रश्न विचारला होता का? तिसऱ्या दिवशी येऊन? जिलानीने मशीनच्या पोटात पाहून ओळखलं. मी पाठच्या भावाच्या तोंडाकडे पाहून ओळखलं नाही.

पट्टी कापली. एक फेरी जाताना, एक येताना. जिलानीने दांड्याचं दुसरं टोक धरलं, मला एकट्याला जमेना.

मग धावत फोनच्या बूथवर. "शेषेराव, 'फरशी' काढा!"

"सर, पुरवणी परवाच छापून झाली. गाड्यांत भरून गेलीसुद्धा. काय लिहिलंय सर तुम्ही! शेवटची ओळ तर —"

ठेवला.

५ ऑक्टोबर. दसरा

सकाळी सात. आलोकचं घर. पेपर पायरीवरच पडलेला, घडी न मोडलेली. उचलला. बगलेत लपवून निघून जाता आलं असतं. खिशात आपट्याची पानं होती, दहा वर्षांत त्याला न दिलेली.

बेल वाजवली. त्याने दार उघडलं. अठ्ठाविशीतच केस पांढरे झालेत त्याचे; दहाव्याला मी त्याच्याकडे धड पाहिलंही नव्हतं.

पुरवणी काढून हातात दिली. म्हटलं, "पान तीन. माझ्यासमोर वाच. मग सोनं द्यायचं का ते तू ठरव."

त्याने पेपरकडे पाहिलं नाही. माझ्या नखांतल्या काळ्या वंगणाकडे पाहिलं.

"तेल घातलं होतंस का, दादा?"

"घातलं होतं."

मग तो चष्मा आणायला आत गेला. मी पायरीवर उभा.