जुन्या वळणाची चेन

आत्याबाई, घड्याळाला चेन बसवून घेतली. स्टीलची, चांगली चकाकणारी, तुमच्या लेकाच्या मनगटावर होती तसलीच. आता तुम्ही जिथं असाल तिथं तोंड वाकडं करून बसा, मी काढणार नाही. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तरी या घरात कुणाला माझं काही पटलं नाही की अजून तुमचंच नाव पुढं करतात. "आई असती तर हे चाललं नसतं," म्हणतात तुमचे धाकटे चिरंजीव. म्हणून म्हटलं, मधल्या माणसांशी कशाला डोकं लावा, ज्या सासूचं नाव घेतात तिलाच सरळ सांगावं. तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, वाकडंतिकडं असंल. दूध संस्थेच्या रजिस्टरात रोज लिहून हात बसलाय तेवढाच. सकाळची गाडी गेली, संध्याकाळच्या दुधाला अजून अवकाश आहे, तेवढ्यात लिहिते.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तुमचा लेक काविळीनं गेला. पोर पाच वर्षांचं. दहाव्याला माझ्या बांगड्या तुम्हीच उतरवल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. घड्याळ मात्र कोनाड्यात पडून राहिलं. साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायला लागल्यावर त्यांनी ते सोलापुरातून हौसेनं आणलं होतं. त्याची चेन गव्हाच्या दाण्यासारख्या बारीक कड्यांची, हात हलवला की खुळखुळ वाजायची. संध्याकाळी दारातून आधी चेन ऐकू यायची, मग माणूस दिसायचा. मग पाऊस गेला तो गेलाच, दुष्काळी काम निघालं, आणि मी खडी फोडायला जायला लागले. तिथं मुकादम दुपारची सुट्टी त्याच्या मनाला येईल तेव्हा द्यायचा. सूर्य कलला तरी शिट्टी नाही. "एक वाजला का वं?" असं मी एकदा विचारलं, तर सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "तुला काय करायचंय एक वाजून? घरी नवरा वाट बघायलाय का?" दुसऱ्या दिवशी मी कोनाड्यातलं घड्याळ काढलं, किल्ली दिली आणि हातात घातलं. ते पार कोपरापर्यंत सरकत होतं. निघाले तर उंबऱ्यात तुम्ही आडव्या.

"घड्याळ ने," म्हणालात. "पर चेन न्हाय न्यायची."

"मग घड्याळ काय पदराला बांधू?"

"चेन म्हंजी बांगडीच. रांडमुंड बाईच्या हातात वाजाय लागली तर लोक काय म्हणतील?"

"लोक येत्यात का माझी खडी फोडाय?"

तुम्ही माझा हात धरून घड्याळ ओढून काढलं, सुईच्या टोकानं दोन्हीकडच्या काड्या उपसल्या आणि चेन घेऊन गेलात ती थेट आडावर. आड कोरडा ठाक होता. चेन खाली दगडावर पडल्याचा आवाज मी दारातून ऐकला. आणि मग तुम्ही घरात येऊन तुमच्या जुन्या लुगड्याचा काठ टर्रकन फाडलात, काड्या परत बसवून त्यात घड्याळ ओवलंत आणि माझ्या मनगटावर बांधलंत. गाठ अशी मारलीत की दिवसभर घाम गळाला तरी सैल झाली नाही. त्या दिवशी मी मुकादमाला मोठ्यानं सांगितलं, "एक वाजला." पन्नास बायकांनी हातोडे खाली टाकले. हे तुम्हाला संध्याकाळी सांगितलं, तर तुम्ही तोंडाला पदर लावून हसलात. लपवून हसलात, पण मी बघितलं.

पुढं टँकर यायला लागला आणि आडातच पाणी ओतायला लागला. पाणी तळाला गेलं की मलाच दोरावर खाली सोडायचे, मी अंगानं बारीक म्हणून. वाटीवाटीनं घागर भरायची. एकदा खाली वाटीला काहीतरी लागलं. बघते तर चेन. चिखलानं माखलेली, पण पाण्यात खळबळली तर लख्ख. मी हातात धरून उभी आहे, वर आभाळाचा गोल तुकडा, त्यात तुमचं डोकं. "काय गं, थांबलीस का?" तुम्ही वरनं ओरडता. मी कमरेला खोचू शकत होते. तुम्हाला काय दिसणार होतं? पण मी ती परत चिखलात टाकली. तुम्हाला भिऊन टाकली. पुढं पाऊस पडला, आडाचा गाळ काढला, त्या गाळाबरोबर ती कुणाच्या शेतात गेली कुणास ठाऊक. त्या वेळी मी सव्वीस वर्षांची होते. आता नाही.

लुगड्याचा काठ झिजल्यावर कातड्याचा काळा पट्टा आला, तो तुम्हाला चालला. काळं आहे, वाजत नाही, कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. मग तुम्ही जायच्या आदल्या वर्षी गावात दूध संस्था निघाली आणि दूध मापून घ्यायचं काम माझ्याकडं आलं. कारण एकच, वेळेवरून माझ्याशी कुणी भांडायला धजत नाही. साडेसातला गाडी येते. साडेसात म्हणजे साडेसात. सात एकतीसला सरपंचाची बायको किटली घेऊन आली तरी परत पाठवते. पण कातडं आणि दूध यांचं जमत नाही. वर्षाला एक पट्टा कुजतो, मनगटाला आंबट वास मारतो, कातडी पांढरी पडते. गेल्या महिन्यात भर रांगेत मी माप ओतायला वाकले, पट्टा तुटला आणि घड्याळ चाळीस लिटरच्या कॅनमध्ये डुबुक. बायकांना तेवढंच पाहिजे होतं.

"आता फॅटसंगं टाईमबी लागंल गं दुधाला!"

"चहा प्यायला की पोटात टिकटिक!"

मी कोपरापर्यंत हात घालून घड्याळ काढलं, तो कॅन गाडीत घातला नाही, वासरांना पाजला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं काम उरकून तुळजापूरची एसटी धरली. त्याच वेळी ठरवलं होतं, आता कातडं नाही.

बसस्टँडवरून देवळाकडं जाताना एक घड्याळजी बसतो, टपरीएवढं दुकान, डोळ्याला भिंग. सगळे त्याला चाचा म्हणतात. त्यानं घड्याळ उघडून वाळवलं, तेल दिलं, ते चालू झालं. मग म्हणाला, "पट्टा काळाच टाकू ना बाई? चांगला दिसंल तुमाला."

"चेन दावा."

त्यानं खोकं पुढं ओढलं. एक सोनेरी, ताणायची, स्प्रिंगची. मनगटात घालून बघितली तर हातावरचे केस उपटायला लागली. एक रुंद, चपटी, हल्लीची कॉलेजातली पोरं घालतात तसली. ती घड्याळावर धरली तर घड्याळच दिसेना. एक पातळ जाळीची, तिचं पाणी आत्ताच उडालेलं. मी सगळ्या बाजूला सारल्या.

"जुनी यायची ती न्हाय का? गव्हाच्या दाण्यावाणी कड्यांची?"

"अब वो कौन पहनता है, बाई. म्हाताऱ्यांची फॅशन." पण उठला. वरच्या फळीवरनं कागदात गुंडाळलेली एक काढून फुंकर मारली. "जुन्याच वळणाची हाय, पर माल नवा. बघा."

मी हातात घेतली आणि हलवून ऐकली. तीच. वजनाला थोडी हलकी, पण तीच. घड्याळाच्या कानांत, म्हणजे काडीच्या जागी, ती बसेना, काडीभर रुंद निघाली, तर त्यानं कडा कानशीनं घासून घासून बसवली. मग म्हणाला, "साहेबांना घेऊन या एकदा. मनगटाचं माप लागंल."

मी हात पुढं केला. "हेच माप."

त्यानं माझा मोकळा हात बघितला, मग कपाळ बघितलं, मग भिंग काढून ठेवलं. "जेंट्स चेन हाय ही, बाई."

"घड्याळबी जेंट्सच हाय. सोळा वर्षं बाईच्या हातावर चालतंय. कुठं मागं पडलं का?"

चाचा हसला. "मागं कशाला पडंल! चार कड्या काढाव्या लागतील. घट्ट ठिवू का सैल?"

"सैल ठिवा. वाजली पाहिजे."

परतीच्या एसटीत बसायला जागा नव्हती, दांडीला धरून उभी होते. खड्ड्याखड्ड्याला चेन वाजत होती. एकदोनदा मी मागं वळून बघितलं, कोण आलं म्हणून. येडी म्हणा.

घरात मात्र तुमच्या धाकट्यांचा जीव खालीवर. माझ्या पोराची सुपारी ठरली होती, जळकोटची मुलगी. भावोजी ओट्यावर येऊन बसले, आधी पावसापाण्याचं बोलले, मग म्हणाले, "वैनी, ते घड्याळ त्या दिशी घरी ठिवा. न्हायतर पट्टा बदला."

"का?"

"पोराची आई, आन् हातात असं चमकायलंय. पावणे काय म्हणतील?"

"टाईम किती झाला म्हणतील."

"चेष्टा न्हाय वैनी. आन् ओटी आमची ही भरंल. तुमी मागं बसा. आई असती तर तुमाला सांगायची पाळी आली नसती."

हे खरं आहे. तुम्ही असता तर मला सांगावं लागलंच नसतं, मी आपोआप मागं बसले असते, जशा तुम्ही बसलात. तुमच्या दोन्ही लेकांच्या लग्नांत तुम्ही धान्याच्या खोलीत बसून होता, मला माहीत आहे. माझ्याच लग्नात सासू कुठं आहे म्हणून मी बघत होते आणि तुम्ही सापडत नव्हता. एकोणिसाव्या वर्षी तुमचे हात मोकळे केले. गोंदण तेवढं राहिलं, कारण ते कुणाला उतरवता येत नव्हतं. तुम्हाला कुणी विचारलं नाही, मान्य. पण म्हणून तुम्ही मला विचारू द्यायचं नाही, हा कुठला न्याय? दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं असतं तर मी त्याला उभा चिरला असता. तुमच्या तोंडून ऐकलं म्हणून सोळा वर्षं आधी चिंधी, मग कुजका पट्टा बांधला.

काल गेलो जळकोटला. चेन हातात. मुलगी पाटावर बसली, जाऊबाई ओटीचं ताट घेऊन उठल्या, आणि मी ते त्यांच्या हातातून घेतलं. म्हणाले, "पोराला वाढवलं ते काय मागं बसून न्हाय वाढवलं." मुलीच्या आजीनं तोंडाला पदर लावला. मुलीचा बाप भावोजींकडं बघतोय, भावोजी छताकडं. मी वाकले, मुलीला कुंकू लावलं. तिनं पदर पसरला. तांदूळ घातले, नारळ घातला, हात मागं घेतला तर हात येईना. चेनच्या कडीत साडीची जर अडकली होती. ओढला तसा जरीचा धागा हातभर उसवून आला. मागून कुणीतरी म्हणालं, "अगंबाई, पयल्या झटक्याला इघ्न!" जाऊबाई "तरी सांगत होते" असं तोंडातल्या तोंडात म्हणाल्या. माझा हात त्या पोरीच्या ओटीत तसाच, आणि चेन थरथरून वाजत होती. तेवढी तर मला कधीच वाजायला नको होती.

ती पोर खाली वाकली. "हलू नका आत्याबाई, कडी तुटंल." सुपारी फुटायच्या आधीच आत्याबाई म्हणाली. नखानं हळूच जर सोडवली आणि मागं वळून बायकांना म्हणाली, "धागाच हाय. कातरी द्या की कुणीतरी, नुसतं बघत काय बसलाव?" कुणीतरी कातर दिली. सुपारी फुटली. सगळ्यांनी जेवणं केली. भावोजींनी तर दोनदा शिरा मागून घेतला.

तर असं झालं. चेन हातात आहे आणि राहणार आहे. तारीख धरतील त्या लग्नातही राहील, आणि धान्याच्या खोलीत मला कुणी बसवून दाखवावं. हे पत्र कुठं टाकायचं म्हणता? कुठंच नाही. जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर लिहिलंय, तिथंच राहील. तसंही तुम्हाला वाचता येत नव्हतं, दुसऱ्याकडून वाचून घेतलं असतं तर गावभर झालं असतं.

एक राहिलं. तिथं हात अडकला आणि सगळी माणसं नुसती बघत बसली, तेव्हा मी देवीचं नाव घेतलं नाही. तुमचं घेतलं. "आत्याबाई, सोडवा," असं म्हणाले. मनातल्या मनात, पण म्हणाले.