गोळीने थांबणारं दुखणं

सुपा, ११ जुलै २०२४

ती. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगवतही नाही, म्हणून लिहिते. अनन्याच्या नडगीचा एक्स-रे काढला. हाडात गाठ दिसते आहे. कॅन्सर तर नाही ना, एवढंच विचारायचं होतं, पण डॉक्टरांपुढे तो शब्दच तोंडातून फुटेना. पुढच्या आठवड्यात नगरला स्कॅन आहे.

पोर कधीची लंगडत होती आणि आपण तिला सोंगाडी म्हणत होतो. गोळी घेतली की लगेच खो-खो खेळायला पळायची. खरं दुखणं असं गोळीसरशी थांबतं का, असं तू म्हणालीस आणि मलाही पटलं. आता जीव थाऱ्यावर नाही.

तुझा हात पाठीवर असू दे.
तुझी रुचा

राजूर, १५ जुलै २०२४

चि. रुचास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. दूधवाल्या बायडाबाईने धीर दिला. पोरगी लई चिवट हाय, तिला काय बी व्हत न्हाई, असं ती म्हणते. तिने चोळायला तेलही दिलंय, ते मी कपाटात ठेवलं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायाला काही लावू नकोस.

आणि ती गोळीची गोष्ट लाजेपोटी लपवू नकोस. माझं नाव घेऊन सांग.

अनन्याचा पापा घे.
तुझी आई

सुपा, २२ डिसेंबर २०२४

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

आईने तुला सगळं कळवलं, पण गंमत गाळली. तिने मान खाली घालून तुझं नाव घेतलं आणि गोळीचं सांगितलं. तेव्हा डॉक्टर एकदम सरसावून बसले. मुलांच्या हाडात क्वचित होणारी एक साधी गाठ असते, तिचं दुखणं असंच गोळीने थांबतं, म्हणाले. स्कॅनमध्ये तीच निघाली, हरभऱ्याएवढी. कॅन्सर नाही म्हटल्यावर आई इतकी रडली की बाहेरच्या बायका तिचं सांत्वन करायला आल्या. मग सुईने आतल्या आत गाठ जाळली.

काल तालुक्याच्या सामन्यात शेवटचा गडी मी सूर मारून बाद केला. आम्ही पहिले आलो. कोपरं सोलली, नडगी दुखली नाही. गोळी कुठे ठेवलीय तेही आता आठवत नाही.

तुझे गुडघे गोळी घेतली की दुखायचे थांबतात, असं आई सांगत होती. मी तुला काही म्हणणार नाही. फक्त एकदा डॉक्टरांना दाखव.

माया आहे तेवढीच ठेव, चिडवणं थोडं कमी कर.
तुझी सोंगाडी,
अनन्या