बाहेरची कडी

परळ, शनिवार, दिवेलागणीची वेळ

दादरच्या परिषदेहून आत्ता आले. महिलाश्रमांत बायकांना यापुढे कोंडून ठेवायचं नाही, दाराची बाहेरची कडी काढून टाकायची, असा ठराव झाला. मीही हात वर केला. आश्रमाची मेट्रन, त्यात पहिल्या रांगेत बसलेली. न करून करते काय?

गंमत म्हणजे त्याच वेळी रस्त्यावरून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता, म्हणून सभागृहाची दारं लावून घेतली होती. आत घामाच्या धारा, बाहेर घोषणा, आणि अध्यक्षीणबाई म्हणतात, "माणूस मोकळ्या दारातच सुधारतो." कुणालाच हसू आलं नाही. मलाही नाही.

परत आले तर गोदीने चहा आणला. ती सात वर्षं आश्रमात आहे. म्हणाली, "ताई, काय ठरलं सभेत?"

"कडी लावायची नाही आता."

ती कपबशी धरून उभीच राहिली. मग म्हणाली, "मग तुम्ही कुठं जाल?"

वेडीच आहे. मी इथे नोकरीला आहे! खोली त्याच कडीच्या आत आहे, एवढंच. एकोणीस वर्षं झाली, ते खरं. नवऱ्याच्या भीतीने मीही याच दारातून आत आले होते, पण ते गोदीला कुणी सांगितलं?

आत्ताच पहारेकरणीने कडी घातली. तिला ठराव कुठला माहीत असणार? उठून, दार वाजवून सांगायला हवं होतं. नाही उठले. खरं लिहायचं तर, कडीचा आवाज ऐकला आणि बरं वाटलं.