बिनकामाचं फंक्शन

४ मार्च, सोमवार

हा काय कोड म्हणायचा!

गेली कित्येक वर्षं आमचं हे पायथन पॅकेज डायलिसिस केंद्रांमध्ये पेशंटच्या पाळ्या लावतंय. आणि आतून? एक ना धड, भाराभर चिंध्या! जी फाइल उघडावी ती स्वतःच डेटाबेसशी बोलायला जाते. एक फाइल पाळी देते, दुसरी रद्द करते, तिसरी तेच पुन्हा वेगळ्या तऱ्हेने. आता हे सगळं उपसून एकच थर करायचा — डेटाबेसशी बोलायचं ते फक्त त्यानेच. साहेब म्हणाले, "करा, पण केंद्रांचं काम अडता कामा नये." हे मला सांगताय! माझे बाबा त्यातल्याच एका केंद्रात मंगळवार-गुरुवार-शनिवार हातात सुया टोचून पडलेले असतात.

७ मार्च, गुरुवार

एक गंमत सापडली. 'नोंद घे' नावाचं फंक्शन. पाळी दिली की त्याला बोलाव, रद्द केली की त्याला बोलाव. करतं काय? कुणीही न वाचणाऱ्या टेबलात एक ओळ लिहितं. बस!

शेजारी बसतो तो शंकासूर (सगळे त्याला तेच म्हणतात) म्हणाला, "अगं, कशासाठी तरी ठेवलं असेल ना?" म्हटलं, सवय, दुसरं काय! उडवलं. सगळ्या चाचण्या हिरव्यागार, एकही नापास नाही. शंकासुराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

१२ मार्च, मंगळवार

बाबा केंद्रातून आले ते चपलाही न काढता खुर्चीत बसले. आईने पाणी दिलं तर म्हणाले, "पुरे झालं आता हे." आई म्हणाली, "काहीतरीच काय बोलता!" मी लॅपटॉपमधून डोकं वर काढलं नाही. नवी आवृत्ती रात्रीतून लागायची आहे.

१३ मार्च, बुधवार

लागली! दिवसभरात एक तक्रार नाही! शंकासुराने स्वतःहून चहा पाजला.

१४ मार्च, गुरुवार

आत्ता कुठे लिहायला बसतेय.

सकाळीच बाबांच्या केंद्रातल्या रिसेप्शनवरच्या ताईंचा फोन — "अहो, काल केलेले सगळे बदल गायब! संध्याकाळपर्यंत दिसत होते हो! आज उघडलं तर पाळ्या मंगळवारी होत्या तशाच!" चहा तसाच टाकून कोड उघडला.

डेटाबेसमध्ये काही लिहिलं की शेवटी 'हे पक्कं कर' असं सांगावं लागतं — कमिट. नाही सांगितलं तर प्रोग्राम बंद होताच लिहिलेलं सगळं हवेत! आणि ते कमिट कुठे होतं? त्या 'नोंद घे'च्या पोटात! पाळी देणाऱ्या, रद्द करणाऱ्या कोडमध्ये कुठेच नाही. मी उडवलेल्या त्या बिनकामाच्या फंक्शनवर सगळं चाललं होतं! मग चाचण्या कशा हिरव्या? तर त्या ज्या कनेक्शनवर लिहितात, त्याच कनेक्शनवर वाचतात. तिथे कच्चं लिहिलेलंही दिसतंच. म्हणजे घरातल्यांनी घरातल्यांनाच विचारायचं, आपलं घर कसं आहे! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुरुस्त करून पाठवलं. शंकासूर शेजारी बसून एकेक चाचणी पुन्हा चालवत होता. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

एवढ्यात आईचा फोन. रडत होती. "केंद्रातून सिस्टरचा फोन आला, हे पोचलेच नाहीत म्हणे! नेहमीच्या वेळेला निघालेत गं!"

मी आणि दादा दोन बाजूंनी शोधत सुटलो. काय काय मनात आलं ते लिहवत नाही. दादाला सापडले — बागेत, बाकावर, पेपर वाचत! सिस्टरनी दुपारच्या पाळीत घेतलं. बाबा रागावलेही नाहीत, काही नाही. मला एवढंच विचारलं, "त्यांनी फोन कसा काय केला?"

हा काय प्रश्न झाला! पेशंट आला नाही तर करणारच ना फोन!

१५ मार्च, शुक्रवार

आज घरूनच काम. गेलेले बदल पुन्हा भरायचे म्हणून ताई फोनवर आठवून आठवून सांगत होत्या. याची वेळ बदलली, त्यांची तारीख पुढे ढकलली. शेवटी म्हणाल्या, "आणि हो, तुमचे बाबा. बुधवारी स्वतः येऊन पुढच्या सगळ्या पाळ्या रद्द करून गेले होते. दुसऱ्या केंद्रात जाणार म्हणाले. तेही पुन्हा रद्द करू ना?"

दुसरं केंद्र? कुठलं दुसरं केंद्र!

ते रद्द केलेलंही पक्कं झालं नव्हतं. म्हणून नाव तसंच राहिलं, म्हणून सिस्टरनी फोन केला. मी माझं काम नीट केलं असतं, तर काल कुणीच फोन केला नसता.

ताईंना म्हटलं, नका करू. आज तरी नका. बाबा आतल्या खोलीत आहेत. जाते.