त्या पेशी तुमच्या नव्हत्या

पप्पा, पाच वर्षं मी ज्या पेशी तुमच्या म्हणून सांभाळल्या, त्या तुमच्या नव्हत्याच. हे आधी सांगून टाकते, नाहीतर मी इकडचं तिकडचं बोलत बसेन. तुम्हीच म्हणायचात ना, हिला साखर आणायला पाठवलं तर आधी दुकानाचा इतिहास सांगेल. मागच्या आठवड्यात रिपोर्ट आला. मॅडमना, म्हणजे माझ्या पीएचडीच्या गाइडना, सांगून झालं. मम्मीला अजून नाही सांगितलेलं. तेवढंच जमत नाहीये.

घाटकोपरच्या कॉलेजात तुम्ही एकतीस वर्षं काचसामान धुतलंत. शनिवारी माझी शाळा लवकर सुटायची, मग मम्मी मला वाकोल्याहून बसने आणून तुमच्या लॅबमध्ये सोडायची. मी आठवीत असेन. तुम्ही बेसिनपाशी उभे आहात, कोपरापर्यंत ओले, आणि मी आगाऊपणाने एका बाटलीतला ड्रॉपर दुसऱ्या बाटलीत बुडवते. तुम्ही कधी हात उगारला नाहीत, पण त्या दिवशी मनगट घट्ट धरलंत आणि दोन्ही बाटल्या मलाच ओतायला लावल्यात. मी कुरकुरले, थोडंसंच तर लागलं. तुम्ही आवाजही चढवला नाहीत. "थोडंसं असं काही नसतं. या बाटलीवर जे लिहिलंय ते आता खोटं झालं." बाहेर येऊन वडापाव घेऊन दिलात, तरी मी घरी पोहोचेपर्यंत फुगूनच बसले होते.

मग तुमच्या जबड्यात ती गाठ निघाली. तंबाखू सोडली म्हणे! कसली सोडली, शर्टाच्या आतल्या खिशातली पुडी मी दोनदा बघितली होती आणि दोन्ही वेळा गप्प बसले. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, काढलेल्या गाठीचा तुकडा संशोधनाला दिला तर चालेल का. फॉर्मवर तुम्ही झोकदार सही केलीत, पगाराच्या कागदावर करायचात तशी. नियमाने अशा डबीवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. पण बर्फातली ती डबी आमच्या लॅबमध्ये मीच नेली, तेव्हा मला कोण फसवणार. अर्धा जबडा गेला, बोलणं गेलं, आणि शाळेतली माझी पाटी माळ्यावरून खाली आली. तुम्ही पाटीवर विचारायचात, नेमकं करतेस काय तू? मी सांगायचे, पेशी दिवसभर एकमेकींशी बोलत असतात पप्पा. एक पेशी छोटंसं प्रोटीन सोडते, दुसरीच्या अंगावर ते पकडणारं दुसरं प्रोटीन असतं, आणि निरोप आत जातो: वाढ, थांब, तुझं झालं, आता मर. कॅन्सरच्या पेशीत ते पकडणारं प्रोटीनच अडकून बसतं. बाहेरून कोणी हाक मारत नाही, तरी ते आत सांगत राहतं, वाढ, वाढ. तुम्ही जरा विचार केलात आणि लिहिलंत, "म्हणजे कुणाचं ऐकत नाही. तुझ्या मोठ्या काकासारखं." मम्मी तोंडाला पदर लावून हसली होती. त्या घरात नंतर तसं कोणी हसलं नाही.

तुम्ही गेलात. पुण्यानुमोदनाला आलेल्या प्रत्येकाला मम्मी सांगत होती, ते अजून आहेत, पोरीच्या लॅबमध्ये. मीही तसंच धरून चालले. एक दिवसाआड त्या पेशींचं गुलाबी मीडियम बदलायचं, म्हणजे जुनं काढून ताजं खाणं द्यायचं. दिवाळीतही जायचे. लॅबमधली पोरं चिडवायची, झाली का पप्पांची सेवा? ते अडकलेलं प्रोटीन बंद करणारं एक औषध मी त्या पेशींवर चालवून बघितलं आणि त्या थांबल्या. वेड्यासारखी रडले मी त्या दिवशी. पाच वर्षं उशिरा का होईना, तुमच्यावर काहीतरी चाललं होतं.

पेपर पाठवायचा तर पेशी कोणाच्या त्याची चाचणी लागते. तुमचं रक्त साठवलेलं होतं, त्याच्याशी ताडून बघितलं. जुळलं नाही. जुळलं ते परदेशातल्या कुणा माणसाशी, माझ्या जन्माआधीच वारलेल्या. त्याच्या पेशी विकत मिळतात, निम्म्या जगाकडे असतात, आमच्याकडेही त्याच कपाटात होत्या. दोन्हींसाठी मीडियमची वेगळी बाटली ठेवायची असते. हॉस्पिटल आणि लॅब करता करता मी कधीतरी एकच बाटली वापरली. त्याची एखादी पेशी तुमच्यात पडली असणार. ती भराभर वाढली, तुमच्या सावकाश होत्या, संपल्या. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, सांगितलंस ते बरं केलंस, प्रबंधातली दोन प्रकरणं काढ आणि पुन्हा सुरुवात कर.

त्यांना मी चूक सांगितली, पण सगळं नाही सांगितलं. हा कागद वहीतच राहणार आहे, म्हणून इथे लिहिते. हॉस्पिटलमध्ये तुम्ही पाटीवर विचारलंत, "माझ्या वाढतायत का?" तेव्हा त्या वाढत नव्हत्या पप्पा. फ्लास्कच्या तळाला चार-दोन चिकटलेल्या, बाकी मरून तरंगत होत्या. मी म्हटलं, "हो, मस्त वाढतायत." तुम्ही उरलेल्या तोंडाने हसलात. तुम्ही गेल्यावर तीन आठवड्यांत फ्लास्क गच्च भरला. मायक्रोस्कोपखाली त्यांचा आकारही वेगळा दिसत होता. शंका आली होती मला. चाचणी तेव्हाच करता आली असती. मी केली नाही, कारण मी तुमच्याशी खोटं बोलले होते आणि ते खरं झालेलं मला हवं होतं.

सोमवारी सगळे फ्लास्क ब्लीच घालून ओतून टाकले. आज सकाळी माझा डबा भरताना मम्मीने विचारलं, "त्यांचं बरं चाललंय ना गं तिकडे?"

मी म्हटलं, हो, मस्त वाढतायत.